बंदोबस्तातला निशाचर

माणसाला बेबंद होण्याची इच्छा व्हावी आणि ती पुरी करण्यासाठी त्याने आगाऊ रक्कम भरून, पावती घेऊन, नेमल्या जागी नेमल्या वेळेच्या पंधरा मिनिटे अगोदर रुजू व्हावे, या विसंगतीतून जो एक नवा सामाजिक प्राणी अलीकडे जगाच्या बहुतेक मोठ्या शहरांत निपजला आहे, त्याचे यथातथ्य वर्णन अद्याप कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दिवसाच्या प्रवाशाची थट्टा पुष्कळ झाली. मिटलेली छत्री उंच धरून चालणाऱ्या वाटाड्याच्या मागून देवळे, किल्ले आणि वस्तुसंग्रहालये यांच्या दारांतून आत-बाहेर करणारा तो पापभीरू समुदाय विनोदी लेखकांनाही आता पुरेसा वाटेनासा झाला आहे. पण दिवेलागणीनंतर एका मद्यगृहातून दुसऱ्या मद्यगृहात हजेरी लावीत जाणारा, वाटेत वारंवार शिरगणती होऊ देणारा आणि या सर्व काळात आपण आज अगदी मोकाट सुटलो आहोत अशी दृढ श्रद्धा बाळगणारा जो मार्गदर्शित विलासी, तो मात्र उपेक्षितच राहिला. मी त्याला बंदोबस्तातला निशाचर म्हणतो. त्याच्या एका तांड्यात रीतसर पैसे भरून मीही सामील झालो होतो, तेव्हा पुढील वर्णन अगदीच त्रयस्थाचे समजू नये.

हा प्राणी बर्लिनमध्ये आढळतो आणि बँकॉकमध्येही आढळतो. परंतु त्याचे सर्व गुणविशेष एकवटलेले पाहावयाचे असल्यास रिओ दि जानेरोच्या लापा या जुन्या वस्तीत शुक्रवारची रात्र गाठावी. सांता तेरेझाच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेला हा भाग गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जुगारी, कवी, गवई, गणिका आणि ‘मालांद्रू’ या नावाने ओळखले जाणारे, पांढरा सूट, तिरकी टोपी व दुरंगी बूट घालून कष्टावाचून सुखाने जगण्याची कला साधलेले गृहस्थ यांच्या वास्तव्याने विशेष नावारूपाला आला. ‘मादाम सातां’ या टोपणनावाने गाजलेला येथला एक दांडगेश्वर कापोएराच्या लाथांनी पोलिसांना लोळवी, कार्निव्हलात वेषभूषेचे बक्षीसही पटकावी, आणि या दोन उद्योगांच्या मधला बराचसा काळ तुरुंगात काढी. तो १९७६ साली वारला आणि २००२ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. अशा पुरुषाच्या पायधुळीने पावन झालेल्या रस्त्यावरून प्रवासाचा विमा उतरवून चालण्यात जो एक सुरक्षित थरार आहे, तोच आमच्या निशाचराला हवा असतो. गुंडाची वस्ती त्याला हवी असते. गुंड मात्र चित्रपटात गेलेला असला पाहिजे.

आमच्या तांड्यात सतरा इसम होते. हॉलंडमधील एका बँकेतले एक दांपत्य होते, कॅनडातल्या दोन शिक्षिका होत्या, खिशात विजेरी बाळगणारा एक सेवानिवृत्त जर्मन होता. या सर्वांना मी परदेशीच म्हणत होतो; पण ब्राझीलच्याच कुरिचीबा शहराहून आलेले एक नवविवाहित जोडपेही त्यांत होते, आणि लापाविषयी त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना इतके भिवविले होते की रस्ता ओलांडताना ती दोघे त्या जर्मनाच्या विजेरीच्या आश्रयाला येत. म्हणजे हा प्राणी अमुकच देशाचा असे नव्हे. तरीही माझे लक्ष विशेषेकरून वेधून घेतले ते ठाण्याच्या एका गृहस्थांनी. औषधे बनविणाऱ्या यंत्रांच्या तपासणीसाठी साओ पाउलोला आलेले हे पन्नाशीचे गृहस्थ शनिवार-रविवार जोडून रिओला उतरले होते, आणि पोपटांची चित्रे असलेला एक अर्ध्या बाह्यांचा सदरा अंगात घालून, त्याची वरची गुंडी मात्र गळ्यापर्यंत लावून, ते सर्वांच्या आधी जागेवर हजर होते.

त्यांची सिद्धता पाहण्याजोगी होती. खरे पाकीट सदऱ्याच्या आत, कमरेला बांधलेल्या कापडी पट्ट्यात. रोजखर्चाचे पाकीट पुढच्या खिशात. आणि तिसरे पाकीट चोरासाठी. ही तिसऱ्या पाकिटाची कल्पना केवळ त्यांच्या भित्रेपणातून निघालेली नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. खुद्द रिओची मंडळी कार्निव्हलाच्या गर्दीत शिरताना चांगला फोन घरी ठेवून ‘चोराचा फोन’ म्हणून एक जुनापुराणा फोन बरोबर घेतात, इतकी ती व्यवस्था तेथे रूढ आहे. ठाणेकरांनी या लोकाचाराला फक्त पूर्णत्व आणले. चोराच्या पाकिटात त्यांनी काही किरकोळ नोटा, मुदत संपलेले एक कार्ड, आणि चोराला संशय येऊ नये म्हणून ठाण्यातल्या एका वाचनालयाचे आपले तरुणपणीचे ओळखपत्र घातले होते. परिणाम असा झाला की त्या ओळखपत्रावरच्या मिशीवाल्या छायाचित्राविषयी त्यांच्या मनात ममत्व उत्पन्न झाले, आणि रात्रभर ते खऱ्या पाकिटापेक्षा चोराच्या पाकिटालाच अधिक जपत राहिले.

“सुरक्षित आहे ना हो सगळं?” असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, आपण मोठ्या रस्त्यावर आहोत, पलीकडे पोलिसांची गाडी उभी आहे. त्यावर ते क्षणभर समाधान पावले आणि लगेच थोडे हिरमुसले. पोलिसांची गाडी समोर असताना आपण नेमके कोणते साहस करीत आहोत, हा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला.

मार्गदर्शिका आली ती अर्ध्या तासाने, आणि अगदी प्रसन्न. विद्यापीठात इतिहास शिकणारी ही तरतरीत मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून होती. ब्राझीलमध्ये गाईडचा व्यवसाय कायद्याने नियमित केलेला असून पर्यटन मंत्रालयाच्या ‘कादास्तुर’ नामक नोंदवहीत नाव दाखल असल्याशिवाय तो करता येत नाही. ठाणेकरांनी त्या ओळखपत्रावरचा क्रमांक चष्मा कपाळावर चढवून नीट वाचला आणि मान हलवली. मग शिरगणती झाली, सतरा भरले. आपण कोणी तरी मोजलेले आहोत या जाणिवेने सर्वांच्या चेहऱ्यांवर जे तेज आले, ते पुढे कोणत्याही पेयाने आले नाही.

आता एक अडचण अशी की लापाची रात्र नऊ वाजता उजाडत नाही. रिओकर नऊ म्हणतो तेव्हा तो साडेदहाला घरातून निघण्याचा विचार करीत असतो. गाणे रंगात येते ते मध्यरात्रीनंतर. परंतु सहल भरविणाऱ्यांना आपली गिऱ्हाइके एक वाजता झोपावयास पाठवावयाची असतात, कारण त्यांतील बहुतेकांना सकाळी ख्रिस्ताचा पुतळा पाहण्यासाठी निघावयाचे असते. म्हणून जगातल्या एका विख्यात रात्रजीवनाचे दर्शन आम्ही घेतले तेव्हा वेटर खुर्च्या मांडीत होते, वादक तारा जुळवीत होते, आणि एका दुकानात मालकाचा मुलगा गृहपाठ करीत बसला होता. आमच्यातल्या एकालाही याचे काही वाटले नाही. उलट, गर्दी नाही हे किती बरे, असे हॉलंडचे गृहस्थ म्हणाले, आणि रिकाम्या नृत्यगृहाची अनेक छायाचित्रे घेतली गेली.

प्रथम कमानी. सांता तेरेझाच्या बाजूने कारिओका नदीचे पाणी शहरात आणण्यासाठी अठराव्या शतकात बांधलेला आणि १७५० साली पुरा झालेला हा पांढरा जलसेतू दोन मजली बेचाळीस कमानींचा असून १८९६ पासून त्याच्या माथ्यावरून पाण्याऐवजी ट्राम जाते. ही हकिकत ती मुलगी मोठ्या प्रेमाने सांगत असता ठाणेकर मान वर करून ओठ हलवीत होते. ते कमानी मोजीत होते. अर्ध्यावर कोणी तरी आड आल्यामुळे त्यांचा आकडा चुकला, त्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि गुलामांच्या श्रमाने ही वास्तू कशी उभी राहिली, हा इतिहासातला खरा गंभीर भाग आला तेव्हा ते सव्विसाव्या कमानीवर होते. अशा माणसाला तुच्छ लेखण्याची घाई करू नये. छापील माहितीपत्रकात जे लिहिले आहे ते प्रत्यक्षात तितकेच भरते की नाही, हे पडताळून पाहणारा मनुष्य या जगात असावाच लागतो. तो मद्यगृहांच्या सहलीत असावा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तेथून चार पावलांवर कायपिरिन्याची गाडी होती. सहलीच्या शुल्कात एक पेय अंतर्भूत असल्याचे माहितीपत्रकात नमूद होते, आणि अंतर्भूत वस्तू सोडणे हे निशाचराच्या शास्त्रात महापातक आहे. एरवी मद्याला न शिवणारी कॅनडातली थोरली शिक्षिकाही रांगेत उभी राहिली. विक्रेत्याने हिरवे लिंबू चिरून पेल्यात टाकले, त्यावर साखर घातली, लाकडी बत्त्याने चार ठोके दिले, बर्फ भरला, आणि बाटली उंचावरून उपडी केली. उसाच्या ताज्या रसापासून काढलेली काशासा नावाची ही दारू कायद्याने ३८ ते ४८ टक्के मद्यार्काची असावी लागते. तिच्यापुढे लिंबू आणि साखर यांचे काम केवळ रदबदली करण्याचे. ठाणेकरांनी मार्गदर्शिकेकरवी विचारणा केली, की बर्फ कुठल्या पाण्याचा आहे. विक्रेत्याने प्रश्न पुन्हा एकदा ऐकून घेतला, गंभीरपणे विचार केला आणि उत्तर दिले, “साध्या.” मग पेला भरल्यावरही, भाजीवाल्याने वर कोथिंबिरीची काडी घालावी तसे, त्याने बाटलीतले आणखी थोडे फुकट ओतले. या वाढाव्याला तिकडे ‘शोरिन्यू’ म्हणतात. तो पाहताच बर्फाविषयीची सर्व शंका ठाणेकरांच्या मनातून निघून गेली.

त्याच गाडीवर काजूची बोंडे मांडलेली होती. त्यांचीही कायपिरिन्या करतात. ठाणेकरांची सासुरवाडी मालवणची. ते बोंड हातात घेऊन विक्रेत्याला म्हणाले, “हे आमच्याकडचं.” विक्रेता म्हणाला, हे आमचे. प्रकरण हातघाईवर येणार तोच मार्गदर्शिकेने निवाडा केला, की काजूचे मूळ ब्राझीलचेच, पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्याकडे नेला. पण उलट दिशेने आंबा आणि फणस भारताकडून ब्राझीलला आले, आणि फणस तर येथील तिझुकाच्या अरण्यात इतका माजला आहे की वनशास्त्रज्ञ त्याला उपद्रवी परका समजतात. ठाणेकरांनी मनातल्या मनात जमाखर्च मांडला. एका काजूच्या बदल्यात आंबा आणि फणस. बाकी आमच्याच बाजूची निघते. त्यांनी बोंड जागेवर ठेवले आणि विक्रेत्याला मोठ्या मनाने क्षमा केली.

पुढचा टप्पा सेलारोनच्या पायऱ्यांचा. चिलीहून आलेल्या होर्हे सेलारोन या चित्रकाराने १९९० पासून आपल्या घरासमोरच्या या २१५ पायऱ्या रंगीत फरश्यांनी मढवावयास घेतल्या, साठांहून अधिक देशांतून फरश्या आल्या, आणि २०१३ साली याच पायऱ्यांवर त्याचा मृतदेह मिळाला. एका माणसाच्या वेडाचा इतका आनंददायक पुरावा क्वचितच पाहावयास मिळतो. पण तेथे आम्ही थांबलो ते जेमतेम दहा मिनिटे, आणि तीही आपापल्या देशाची फरशी शोधण्यात गेली. यावर अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही.

खरा रंग भरला तो एका कोपऱ्यावरच्या ‘बुतेकू’त, म्हणजे संगमरवरी मेज, उभ्याने पिणारी गिऱ्हाइके आणि काचेच्या पेटीत तळलेली बकाल्याऊची, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाची, बोंडे असलेल्या दुकानात. बियरचे लहान पेले पुढे ठेवून मार्गदर्शिकेने सांबाची पूर्वपीठिका सांगावयास घेतली. बाहिया प्रांतातून आलेल्या ‘तिया सियाता’ नावाच्या एका कर्तबगार बाईच्या घरी वादक जमत. तेथे अनेकांच्या तोंडून घडलेले एक गीत त्यांतल्या दोंगा नामक तरुणाने १९१६ साली राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या नावे नोंदवले, आणि ‘पेलू तेलेफोनी’ हे ते गीत नोंद झालेला पहिला सांबा म्हणून प्रसिद्धीस आले. बाकीचे वादक म्हणू लागले, की गाणे आमचेही आहे. तो वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. मंडळी या अन्यायाने हळहळली. ठाणेकर मात्र म्हणाले, “नोंदणी केली हे उत्तम केलं. नाही तर कोणाच्याच नावावर राहिलं नसतं.”

मग तिने झुआंव दा बाइयाना या वादकाची गोष्ट सांगितली. त्या काळी पोलीस सांबावाल्यांकडे उडाणटप्पू म्हणून पाहत आणि त्यांच्या मागे लागत. या वादकाचा पांदेरू, म्हणजे आपल्या खंजिरीचा थोरला भाऊ, पोलिसांनी जप्त केला. त्याला मेजवानीत वाजवावयास बोलावणारे सिनेटर पिन्येरू माशादू यांना तो का आला नाही याचे कारण समजले, तेव्हा त्यांनी नवा पांदेरू करवून त्याच्यावर आपल्या नावाचा अभिप्राय लिहवून दिला, असे सांगतात. पुढे कोणी शिपाई आडवा आला, की तो ते वाद्यच पुढे करी; राहदारीचा परवाना तोच, आणि वाजवावयाचे वाद्यही तेच. ही कथा ऐकताना ठाणेकरांचा पेला हातातच राहिला. सांबा ही सर्व बंधने झुगारून देणारी गोष्ट आहे, अशा समजुतीने ते इतका वेळ तिच्यापासून चार हात दूर उभे होते. तिच्याही मुळाशी नोंदणी, जप्ती आणि वरिष्ठांची स्वाक्षरी आहे हे कळताच त्यांना ती प्रथमच आपली वाटली. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली.

अकराच्या सुमारास आम्ही लाव्राद्यू मार्गावर आलो. अठराव्या शतकातल्या एका व्हाइसरॉयच्या नावाचा हा रस्ता जुन्या सामानाच्या दुकानांसाठी विख्यात असून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येथे त्याचा बाजार भरतो. काही नृत्यगृहांनीही भिंतींवर जुनी घड्याळे, आरसे आणि औषधांच्या कपाटांचे सांगाडे टांगून आपण वखार आहो की रंगमंदिर याचा संभ्रम जपला आहे. अशा एका घराच्या दारात प्रत्येकाच्या हाती पुठ्ठ्याचे एक कार्ड देण्यात आले. त्याला ‘कोमांदा’ म्हणतात. आत जे जे खावे-प्यावे त्याची नोंद या कार्डावर व्हावयाची, रोख व्यवहार नाही, आणि बाहेर पडताना खिडकीपाशी हिशेब चुकता करून मिळालेली चिठी दारवानाला दाखविल्याखेरीज सुटका नाही. कार्ड हरवल्यास जबर दंड घेऊ अशी ताकीद अनेक ठिकाणी त्यावरच छापलेली असते. असा दंड घेता येत नाही असे तेथील ग्राहकांचे कैवारी सांगतात. परंतु मध्यरात्री दाराशी उभ्या असलेल्या धिप्पाड इसमाबरोबर कायद्याचा खल करण्याइतकी पोर्तुगीज आमच्यापैकी कोणाला येत नव्हती.

या कार्डाने ठाणेकरांची जी अवस्था केली, ती मी निकट उभा राहून पाहिली आहे. एक हात कमरेवर, खऱ्या पाकिटापाशी. दुसरा हात पुढच्या खिशावर, जेथे कोमांदा आणि रोजखर्चाचे पाकीट एकत्र होते. चोराचे पाकीट मागच्या खिशात असल्यामुळे त्याच्या रक्षणासाठी त्यांनी पाठ भिंतीला लावली. समोर मेजाभोवती बसलेल्या वादकांचा ‘रोदा’, म्हणजे सांबाचा फड, पुरता जमला होता. कावाकीन्यूच्या चार तारा झणझणत होत्या, पांदेरू बोलू लागला होता, भोवतालचा समाज टाळ्यांनी ताल धरून एकमुखाने गात होता. व्यासपीठ नाही, निवेदक नाही, पुढे काय होणार याचा फलक नाही. तेवढ्यात शुल्कातले दुसरे अंतर्भूत कलम, ‘सांबा नृत्याचा प्राथमिक पाठ’, अमलात आणण्याची वेळ झाली.

सतरा जणांची दोन ओळींत मांडणी झाली. सांबाची मौज अशी की थोरला ढोल, ज्याला सुर्दू म्हणतात, तो दोनाच्या हिशेबाने चालतो आणि जोर दुसऱ्या ठोक्यावर देतो. पाय मात्र त्या दोनांच्या पोटात तीन वेळा उचलावयाचे असतात. जर्मन गृहस्थांनी हे प्रमाण कागदावर मांडून घेतले आणि त्यांना समजले. त्यांच्या पायांना समजले नाही. आमचे ठाणेकर “एक-दोन-तीन” असे स्पष्ट मराठीत म्हणत जागच्या जागी कूच करू लागले. हात दोन्ही बाजूंना खिशांवर असल्यामुळे पाहणाऱ्याला वाटे, की कमरदुखीवरचा एखादा व्यायाम चालला आहे. इतक्यात बाजूच्या मेजावरच्या साठीच्या बाईंनी, आमचा वर्ण आणि ठाणेकरांचे आकडे ऐकून, हर्षभराने आरोळी ठोकली:

“अरे बाबा!”

ठाणेकर थिजले. २००९ साली ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीवर भारतातील एका कुटुंबाची लांबलचक मालिका लागत असे. ब्राझीलच्याच नटनट्या साड्या नेसून आणि कुंकू लावून तीत काम करीत, आणि त्यांच्या तोंडचे ‘अरे बाबा’ त्या वर्षी घरोघरी पसरले. तेव्हापासून भारतीय दिसला की काही मंडळी त्याचे असे स्वागत करतात. हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. अर्ध्या जगापलीकडे, गुंडी काढून नाचत असता, एका वडीलधाऱ्या बाईंनी मायबोलीत आपल्याला हटकले, एवढेच त्यांना उमगले. “नाही, नाही, सहलीत आहे हे,” असे ते मराठीत म्हणाले, आणि पुराव्यादाखल त्यांनी मार्गदर्शिकेकडे बोट दाखवले.

बोट दाखवले म्हणजे खिशावरचा हात सुटला. तो बाईंनी धरला. मग दुसराही धरला. पुढची दहा मिनिटे काय घडले याची संगतवार हकिकत देणे कठीण आहे. बाई ‘गाफियेरा’ म्हणजे जोडीच्या सांबात मुरलेल्या होत्या. त्या पुढे आल्या की ठाणेकर मागे गेले, त्या वळल्या की ते फिरले, आणि त्यांचे “एक-दोन-तीन” हळूहळू “एक-दोन” झाले आणि पुढे नुसतेच “अहो, अहो” झाले. पोपटांचा सदरा पट्ट्याबाहेर आला. टाळ्या पडल्या. गाणे संपताच त्यांनी प्रथम तिन्ही खिसे चाचपले, नंतर बाईंना नमस्कार केला.

हिशेबाच्या खिडकीपाशी आणखी एक कटकट निघाली. बिलात वादकांच्या नावाने वेगळा आकार होता, आणि त्याखाली सेवेचे दहा टक्के. हे दहा टक्के देणे ऐच्छिक असते असे मार्गदर्शिकेने पूर्वीच सांगून ठेवले होते, आणि ऐच्छिक या शब्दाने आमच्यातल्या प्रत्येकाची झोप उडवली होती. सगळ्यांनीच ते दिले. पण देण्यापूर्वी सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. ठाणेकरांचे खरे पाकीट सदऱ्याआड असल्याने चारचौघांत काढता येईना आणि रोजखर्चाचे रिकामे झालेले. शेवटी चोराच्या पाकिटातून रक्कम भागवली गेली. खिडकीतल्या मुलीने वाचनालयाच्या ओळखपत्रावरील छायाचित्र पाहून ते सुंदर असल्याचा अभिप्राय दिला, आणि ठाणेकर प्रथमच लाजले.

एक वाजता आम्ही कमानींखाली परत आलो. आता कोठे लापा जागी झाली होती. रस्ता माणसांनी फुलला होता, ढोल चार दिशांनी ऐकू येत होते, कायपिरिन्यावाल्याच्या गाडीभोवती पाय ठेवावयास जागा नव्हती. मार्गदर्शिकेने अखेरची शिरगणती केली, सर्वांचे आभार मानले, आणि म्हणाली, की सहल येथे संपली, आता आपण स्वतंत्र आहात.

इतका भीषण शब्द त्या रात्री दुसरा कोणी उच्चारला नव्हता. सतरा जण जागच्या जागी उभे राहिले. हॉलंडच्या बाईंनी विचारले, म्हणजे आता काय करायचे? मुलगी म्हणाली, वाटेल ते. या उत्तराने कोणाचेही समाधान झाले नाही; माहितीपत्रक उलटून पाहण्यात आले, पण ‘वाटेल ते’ असे कलम त्यात नव्हते. ती बिचारी गळ्यातले ओळखपत्र काढून पिशवीत टाकून, आपल्या मैत्रिणींना गाठण्यासाठी झपझप चालू लागली. प्रथम जर्मन निघाला, तिच्यामागे वीस पावलांचे सभ्य अंतर राखून. मग कुरिचीबाचे जोडपे, मग शिक्षिका, आणि पाहता पाहता सर्व तांडा एका ओळीत तिच्या मागोमाग चालू लागला. ती एका गल्लीत वळली; ओळही वळली. ती भजीवाल्यापाशी थांबली. ओळ थांबून दुकानांच्या बंद दारांवरच्या पाट्या वाचू लागली. शेवटी तिने मागे वळून पाहिले, कपाळाला हात लावला, आणि सवयीने बोट उचलून मोजावयास आरंभ केला.

अठरा भरले.

पुन्हा मोजले तरी अठराच. अठरावा इसम ओळीच्या शेवटी शांतपणे उभा होता. चपला, अर्धी विजार, हातात बियरचा डबा. मार्गदर्शिकेने विचारले, आपण कोण? तो म्हणाला, की मी याच गल्लीत राहतो. इतकी माणसे इतक्या शिस्तीने चालली आहेत तेव्हा पुढे काही तरी मोठे असणार, असे वाटले म्हणून आलो.

मंडळी हसली. ठाणेकर हसले नाहीत. ओळ सोडून ते मागे गेले, त्या गृहस्थांना त्यांनी आपादमस्तक न्याहाळले, आणि मुलीकडे वळून म्हणाले, “मॅडम, यांना विचारा, यांनी पैसे भरलेत का?”